रास्मिनीच्या कानांसाठी तार

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. तांदूळवाली मोजायला लागली की माझी नजर मापावर नसते, तिच्या अंगठ्यावर असते. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "रिन्तेन, तू देवाकडेसुद्धा नैवेद्याची पावती मागशील." त्याला जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात त्याला लावलेल्या सलाईनमध्ये औषध होतं की नुसतंच पाणी, हे मी अजून अधूनमधून मनात घोळवते. स्वभाव आहे. लपवत नाही.

आमच्या चेलुक गावात घरोघरी चांदीचं काम चालतं. पुरुष ओततात, ठोकतात. बायका रव्याचं काम करतात. मोहरीहून बारीक चांदीचे दाणे एकेक उचलायचे, गुंजा उगाळलेल्या पाण्याने डुलावर चिकटवायचे, आणि मग पायाने भाता दाबत त्यांच्यावर ज्योत फिरवायची. चाळीस वर्षं मी हेच केलं. डूल माझ्या हातचे, पण ते कानात अडकवायचे हूक मात्र तयार, शेकड्याने विकत आणलेले. सगळेच तसं करतात. हुकाकडे कोण बघतंय?

सून घरात आली आणि बघावं लागलं.

सुनेचं नाव रास्मिनी. कुसांबाची, समुद्रकाठची, मीठ पिकवणाऱ्यांच्या घरातली. माझा मुलगा आर्दिका एका मित्राच्या लग्नाला तिकडे गेला आणि येताना हे प्रकरण घेऊन आला. आम्ही पांदे, पिढ्यान्‌पिढ्या धातूत हात घातलेली माणसं. मी त्याला म्हणाले, "अरे, मिठाने धातू खराब होतो." तो म्हणाला, "मेमे, चांदीला काही होत नाही." आमच्याकडे आईला मेमे म्हणतात. तरी मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

लग्नात मी तिला माझ्या हातचे डूल घातले. दोन आठवड्यांत ती केस कानांवर ओढून घ्यायला लागली. मला वाटलं, समुद्रकाठच्या मुलीला आमचं काम जुनाट वाटत असणार, म्हणून लपवते. मग एका सकाळी ती केस वर बांधून न्हाणीतून बाहेर आली आणि मी बघितलं. दोन्ही पाळ्या सुजून लाल, भोकांतून पू येत होता.

"हे कधीपासून?"

"थोडंसंच आहे, मेमे. हळद-तेल लावतेय मी."

"थोडंसं म्हणे. काढ ते आधी."

मी हूक दगडावर घासला. दोनदा घासताच वरचा मुलामा गेला आणि खालून अल्पाका निघाली. दिसायला चांदी, आत निकेल. दहा वर्षांपूर्वी त्याच विक्रेत्याचे हूक मी घासून बघितले होते तेव्हा चोख चांदी होती. मधेच कधीतरी त्याने माल बदलला होता, आणि मी एकदा तपासून निर्धास्त झाले होते. निर्धास्त, आणि मी. त्या दिवशी कानाला खडा लावला. यापुढे हूकही माझ्या हातचा, आणि त्याची तार मी स्वतः ज्योतीवर धरून निवडणार.

तारेचं दुकान कोमांगचं. पोरगा तिशीतला असेल. माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, तरी मला म्बोक म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. वय कमी करून सांगणाऱ्या दुकानदाराकडे मी दोनदा बघते. त्याने चार भेंडोळी काढून फळीवर मांडली. अल्पाका मी हातानेच बाजूला सारली. मुलाम्याची तांब्याची तार त्याने स्वतःच परत ठेवली.

"हुकासाठी हवीय ना? मग डोळे मिटून ही घ्या," तो म्हणाला. "पॉइंट आठ मिलिमीटरची, ब्याण्णव-पाच. जंत्रीच्या भोकातून ओढल्यावर ताव दिलेला नाही, म्हणजे तापवून मऊ केलेली नाही, म्हणून कडक आहे. वाकवून बघा."

डोळे मिटून घ्या म्हटल्यावर मी ते आणखी उघडले. तार वाकवली. बोट सोडलं तर ती अर्धी उलट फिरून आली.

"ही ऐकत नाही."

"ऐकत नाही म्हणूनच हुकाला चांगली, म्बोक."

"ब्याण्णव-पाच चांदी. उरलेलं साडेसात काय?"

"तांबं."

"नुसतं तांबं?"

"मग काय वाळू घालू?"

"निकेल घातलं असशील."

तो हसला. मी हसले नाही. तुकडा कापून घेतला आणि त्याच्याच दिव्याच्या ज्योतीवर धरला. तार काळी पडली.

"तांबं आहे म्हटल्यावर काळी पडणारच," तो म्हणाला. "तुम्हाला का हे सांगायला हवं?"

सांगायला नको होतं. पण त्या काळ्याखाली तांब्याच्या जोडीला आणखी काय दडलंय, हे ज्योत सांगत नाही. शिवाय ते भेंडोळं त्याने तीनदा माझ्यापुढे सरकवलं होतं. जो माल दुकानदार तीनदा पुढे करतो तो त्याला खपवायचा असतो, एवढं मला कळतं. मी चौथ्या भेंडोळ्याकडे बोट केलं.

"ती शुद्ध चांदी. पण हुकाला नको. मऊ आहे फार."

शुद्ध तार ज्योतीवर धरली. लाल झाली, निवली, आणि पांढरीच्या पांढरी राहिली. बोटाभोवती गुंडाळली तर शेवईसारखी वळली आणि वळली तिथेच थांबली. ही तार माझ्या हाताला कळली. रव्याच्या कामात तार जितकी मऊ तितकी गुणी. आडमुठी तार हाती आली की आम्ही तिला ताव देतो आणि वळणावर आणतो. मऊ म्हणजे निर्मळ, कडक म्हणजे काहीतरी मिसळलेलं, हे माझ्या बोटांना तोंडपाठ होतं.

"हीच दे."

"म्बोक, रव्याचं काम वेगळं, हुकाचं वेगळं. हुकावर दिवसभर वजन लोंबतं."

"तुझ्या जन्माआधीपासून तार वाकवतेय मी. शिकव आता मला."

तो खजील झाला. "बरं, निदान ऐरणीवर हलकी ठोकून तरी घ्या. जरा अंग धरेल."

घरी आल्यावर मी ती ठोकली नाही. हातोडीचा व्रण उठतो, व्रणात मळ बसतो, मळाने कान पिकतो. उलट ते सगळं भेंडोळंच पुन्हा एकदा ज्योतीवर फिरवून घेतलं. दुकानात तपासलेला तुकडा चोख आणि आतली तार खोटी, असंही करतात लोक. कुठेही डाग उठला नाही. माझं समाधान झालं. जो काही थोडा ताठपणा तारेत उरला असेल, तोही त्या ज्योतीत गेला, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

हूक वळताना रास्मिनी समोर बसली होती. बांबूच्या कांडीभोवती तार वळवायची, टोक कानशीने गोल करायचं, बोटाने चाचपायचं. "बघ," मी तिला म्हणाले आणि एक हूक चिमट्यात धरून ज्योतीत घातला. "पांढरा राहतो की नाही? यात काहीही दडलेलं नाही." ती टक लावून बघत होती. मला फार बरं वाटलं. घरात मुलगी नव्हती, काम दाखवायला कुणी समोर बसलेलं नव्हतं कित्येक वर्षांत. ते हूक घातल्यावर तिचे कान पिकले नाहीत. पंधरा दिवसांत सूज उतरली. मी शेजारणीला बोलावून तिच्या पाळ्या दाखवल्या.

मग एका गुरुवारी ती बाजारातून आली तर उजव्या कानातला डूल नव्हता.

"पडला कुठेतरी, मेमे. मी तीनदा त्या रस्त्याने जाऊन आले."

तिचे डोळे भरून आले होते. मी म्हणाले, जाऊ दे. दुसरा जोड दिला. तिने विचारलं, "मागे रबर लावू का? बाजारात मिळतात ते, पारदर्शक."

"पांद्यांच्या डुलाला रबर? लोक हसतील आपल्याला."

तीन आठवड्यांनी दुसऱ्या जोडातला एक गेला. तोही गुरुवारी.

आता गुरुवार म्हणजे काय, तर गुरुवारी तिचा भाऊ सुकार्सा येतो. मोटरसायकलला मिठाचं पोतं बांधून येतो, सुकावतीच्या बाजारात मीठ देतो, आणि जाता जाता बहिणीला भेटतो. दोघं अंगणातल्या चाफ्याखाली उभी राहून हळू आवाजात बोलतात. मी ओसरीवर आले की बोलणं थांबतं. एकदा मी विचारलं, "काय चाललंय?" तर सुकार्सा म्हणाला, "काही नाही, तब्येत विचारत होतो." धडधाकट बहिणीची तब्येत दर आठवड्याला विचारणारा भाऊ मी तरी दुसरा बघितलेला नाही.

मी पाळत ठेवायला लागले. रास्मिनी पूर्वीसारखी जेवत नव्हती. मासळी तळायला घेतली की उठून परसात जायची. दुपारी मधेच आडवी व्हायची. मी भाता दाबत असले की नजर चुकवायची. मन खातंय हिला, मी ठरवलं. चोरी पचत नसली की अन्नही पचत नाही. आर्दिकाला सूचकपणे म्हणाले, "तिच्या माहेरी हल्ली बरं चाललंय का?" तो म्हणाला, "का? तुला मीठ हवंय?" त्यानेही मला ताकास तूर लागू दिली नाही, असं मला वाटलं.

आमच्या गावदेवळाचा वार्षिक उत्सव आला. मी ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. माझ्या आईचे सोन्याचे डूल पेटीत होते, चाफ्याच्या पाकळीच्या घाटाचे, चांगले जडशीळ. त्यांची जुनी फिरकी झिजली होती. मी ती काढून माझे नवे हूक लावले आणि ते डूल रास्मिनीला दिले.

"मेमे, हे नकोत," ती म्हणाली. "एवढं जड मी सांभाळू शकणार नाही."

"घरची सून देवाला जाताना घरचंच घालते. घाल."

खरं कारण वेगळं होतं. दिवसाउजेडी, साऱ्या गावासमोर, ती सोन्याचं काय करते ते मला बघायचं होतं. भाऊही येणार होता उत्सवाला. मी मुद्दाम दिले, हे कबूल करते.

ती डोक्यावर फळांचा आणि मिठायांचा हातभर उंच मनोरा घेऊन चालत होती. दोन्ही हात वर. मी दोन पावलं मागे, डोळ्यांत तेल घालून. दोन्ही डूल जागच्या जागी हलत होते. देवळात आम्ही ओळीत बसलो. फूल दोन्ही हातांच्या बोटांत धरून कपाळाशी न्यायचं, डोळे मिटायचे, आणि प्रार्थना झाली की ते फूल कानामागे खोवायचं. डोळे मिटायला माझा जीव होईना, पण देवापुढे उघडे तरी कसे ठेवायचे. मिटले. पुजाऱ्याचं तीर्थ अंगावर पडलं तेव्हा उघडले.

रास्मिनीने फूल डाव्या कानामागे खोवलं होतं. त्याच्या खाली काहीच नव्हतं.

मी तिथे तमाशा केला नाही. घरी येईपर्यंत दात आवळून धरले. अंगणात पाय ठेवला आणि म्हणाले, "डूल दे."

तिचा हात कानाकडे गेला. चेहरा पांढरा पडला. आर्दिका लगेच मोटरसायकलवरून देवळात गेला, चटया उलटून पाहिल्या, वाहिलेली फुलं चाळली, आणि तासाभराने हात हलवत आला. फुलांचे ढीग तोवर तीन ठिकाणी उचलून नेले होते.

"गुरुवारी भावाला, आज भावाला," मी म्हणाले. "आता तीन डूल झाले की नाही तुमच्या घरी?"

"मी नाही घेतलं, मेमे."

"मग शपथेचं पाणी पी. उद्या सकाळी, घरच्या देवळात, पूर्वजांसमोर. प्यायलीस तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

हे पाणी आमच्याकडे कुणी सहज पीत नाही. खोट्याने प्यायलं तर शाप सात पिढ्यांवर जातो. पण खरं बोलणाऱ्याला काय भीती, असं मला वाटायचं.

रास्मिनीने मान खाली घातली. मग म्हणाली, "आत्ता नको. पुढच्या वर्षी सांगा, पिते."

"चोरी काय पुढच्या वर्षापर्यंत शिळी होते?"

"मेमे, पुरे," आर्दिका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकार्सा तिला न्यायला आला. ती कापडी पिशवी घेऊन निघाली तेव्हा मी दारात उभी होते. म्हणाले, "पिशवी उघड."

तिने उघडली. एकेक वस्तू काढून पायरीवर ठेवली. तीन कपडे, फणी, हळदीच्या तेलाची डबी. शेवटी एका रुमालात बांधलेले दोन सुटे चांदीचे डूल, हरवलेल्या जोड्यांतले उरलेले, आणि सोन्याचा एक. ते तिने रुमालासकट माझ्यापुढे ठेवले. बाकीचं भरलं आणि भावाच्या मागे बसून गेली. माझ्या पाया पडली नाही.

आर्दिका खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "तिला तिसरा महिना लागलाय. उत्सव आटोपला की दोघं मिळून तुला सांगणार होतो."

मी पायरीवरचा रुमाल उचलला.

"सात पिढ्यांवर जाणारं पाणी पी म्हणालीस ना तिला? त्यातली पहिली तिच्या पोटात आहे."

"खरी असेल तर तिला कसली भीती?"

"जिचा आपल्यावर काडीचा विश्वास नाही, तिच्या हातचं पाणी पोटुशी बाई का पिईल?" एवढं बोलून तोही गेला. संध्याकाळी त्याने फोन केला, की मी कुसांबाहूनच कामावर येत जाईन, माझं जेवण ठेवू नकोस.

सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही माझ्या मनात आलं, की बरोबर वेळेला बरा निघाला तिसरा महिना. नातवंड येणार याचा आनंद व्हायला हवा होता. आधी संशय आला. मग रात्र सरली, तरी संशय काही उठून गेला नाही.

तीन दिवसांनी मी सोन्याच्या दुकानांची चौकशी करायला निघाले. जुनं सोनं विकत घेणारी दुकानं सुकावतीत दोन, गियान्यारला पाच-सहा. मीठवाल्याच्या पोराने चाफ्याच्या घाटाचा सुटा डूल कुठे विकला असेल, तर दुकानदार विसरणार नाही. कमरेभोवती घट्ट गुंडाळायची चांगली कांबेन, वर लेसची चोळी म्हणजे कबाया, आणि कानात माझे स्वतःचे ठेवणीतले डूल घातले. भिकारणीसारखं गेलं की दुकानात कुणी धड बोलत नाही. त्या डुलांनाही मी नवेच हूक लावले होते. अल्पाका घरात ठेवायची नाही म्हणून जुने सगळे फेकून दिले होते.

पहिल्या दुकानात नाही म्हणाले. दुसऱ्या दुकानात म्हातारा मालक होता. त्याने विचारलं, "कुणावर संशय आहे?" मी म्हणाले, "सुनेवर." तो हं म्हणाला आणि पुढे काही विचारलं नाही. त्याचा तो हं मला आवडला नाही. तिथून बसने गियान्यारला गेले. तिथल्या दुसऱ्या दुकानात काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. मी तिला रुमालातला उरलेला डूल दाखवला आणि म्हणाले, याच्या जोडीचा कुणी विकायला आणला होता का?

तिने डूल बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग जरा संकोचून म्हणाली, "इबू, तुमच्या पण एका कानातलं पडलंय."

हात कानाला लावला. पाळी मोकळी.

माझा स्वभाव बघा. पहिल्यांदा माझी नजर त्या मुलीच्या हातांकडे गेली. काचेच्या पलीकडे उभी होती बिचारी, दोन हातांवर. मग मी खाली फरशीवर शोधलं, पायरीवर शोधलं. मग दुसऱ्या कानातला डूल काढून हातात घेतला. हूक वळवला होता तसा राहिलाच नव्हता. डुलाच्या भाराने त्याचा बाक उघडत उघडत जवळजवळ सरळ काडी झाला होता. आणखी तासाभरात तोही घसरला असता. मी त्याला बोटाने जरा ओढलं. शेवईसारखा आला.

दुकानाच्या पायरीवर बसले. मुलगी पाणी घेऊन आली, घटाघटा प्यायले. कोमांग बरोबर होता. हे वाक्य म्हणायला मला अजून जड जातं, पण तो बरोबर होता. त्याने कडक तार तीनदा पुढे केली ती मला तीच लागणार होती म्हणून. डूल कुणी चोरले नव्हते. ते मी, माझ्या हाताने, ज्योतीवर पारखून पारखून रस्त्यावर टाकले होते. आणि त्यांच्या बरोबर सून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कुसांबाला गेले.

तिच्या माहेरची झोपडी समुद्राला लागूनच आहे. पुढे काळी वाळू नांगरून सपाट केलेली, तिच्यावर शिंपडलेलं समुद्राचं पाणी सुकत होतं. रास्मिनी छपराखाली बसून नारळाच्या खोडाच्या पन्हळीतलं मीठ करवंटीने खरवडत होती. कान मोकळे. मला बघून ती उठली नाही, पण बाजूचा पाट पुढे सरकवला.

मी बसले. बसमध्ये किती वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"डूल तू घेतले नाहीस," मी म्हणाले.

"मला माहीत आहे ते, मेमे."

"तार मऊ होती. हूक आपोआप उघडत होते. कालच माझ्या कानातला पडला."

"तेही माहीत होतं."

ती करवंटीने मीठ सारखं करत होती.

"पहिला जोड दिलात ना, तेव्हा आठवड्यात दोनदा हूक माझ्या हातात उघडला होता," ती म्हणाली. "भांडी घासताना एकदा, आणि अंग पुसताना एकदा. मी दातांनी दाबून बंद करायचे. रोज सकाळी दाबायचे. एखाद्या दिवशी राहून जायचं."

"मग सांगायचं नाही मला?"

"काय सांगू? मीठवाल्याची पोरगी पांद्यांच्या घरात येऊन म्हणणार, तुमचा हूक चुकलाय?" तिने करवंटी खाली ठेवली. "तुम्ही मला समोर बसवून तो ज्योतीत धरला होतात. बघ, पांढरा राहतो, म्हणालात. किती खूश होतात. माझे कान बरे व्हावेत म्हणून केलेलं होतं ते. मी कसं म्हणणार, की हे नको."

समुद्राचा आवाज येत होता, आणि मागे घरात कुणीतरी तव्यावर मासळी उलटत होतं.

"आणि नंतर? मी संशय घ्यायला लागले तेव्हा? तेव्हा तरी सांगायचंस."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. चिडून नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "सांगितलं असतं, तर तुम्ही विश्वास ठेवला असतात?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. एवढ्या लांब त्यासाठीच आले होते. पण मला ती बाई माहीत आहे, जी दारात उभी राहून पिशवी उघड म्हणाली. ती काय म्हणाली असती तेही माहीत आहे. स्वतःची चोरी लपवायला आता माझ्या कामाला नावं ठेवतेस, असंच म्हणाली असती.

"नसता ठेवला," मी म्हणाले.

रास्मिनीने मान हलवली. खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं, आणि खरं बोलले तेही तिला कळलं. ती हात झटकत उठली. मला वाटलं, आता आत जाऊन पिशवी आणेल. आपण दोघी मिळून बसने परत जाऊ, खिडकीची जागा तिला देऊ, एवढंसुद्धा मी मनात ठरवून टाकलं.

"मासळी तळून झालीय," ती म्हणाली. "तुम्ही जेवून जा, मेमे."

मी जेवले. तिने मला आधी वाढलं, पाहुण्याला वाढतात तसं, माशाचा मधला तुकडा. स्वतः नुसता भात आणि शिजवलेली भाजी घेऊन लांब बसली, वास सहन होत नव्हता म्हणून. सुकार्साने मला बसच्या थांब्यापर्यंत सोडलं आणि किलोभर मीठ हातात दिलं. मी एकटी घरी आले.

त्याला आता चार आठवडे झाले. पोटातल्या बाळाचा विधी बापाच्याच घरी व्हावा लागतो, म्हणून सहाव्या महिन्यात ती येईल, असं आर्दिका म्हणतो. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत नाही. तो सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करते. दिवसातून बरेचदा जमत नाही.